श्रावण काकांनी घडी उघडली नव्हती

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, दादाला नाही, ज्यांच्यासोबत रोज एका ताटात जेवतो त्या मित्रांनाही नाही. सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत मी किती बोललो असेन — हथखोजच्या कारखान्यांच्या गेटांवर, चौकात, टेम्पोवर उभं राहून! आणि लिहिलं किती! कामगारांच्या गटासाठी पत्रकं लिहिणं हेच तर माझं काम. दुसऱ्याची चूक मला चार ओळींत मांडता येते. कोणी केलं, कोणाचं नुकसान झालं, जबाब कोण देणार — बस. स्वतःची मांडायला बसलो तर हा तिसरा कागद आहे. पहिले दोन फाडले. दोन्हींत मी शेवटी निर्दोष निघत होतो.

घडीपासून सुरुवात करतो. घड्याळ म्हणायला पाहिजे, पण आमच्या घरी घडीच म्हणतात.

बाबा भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये, रेल मिलला होते. तिथे मनगटावर काही चालत नाही — घडी नाही, कडं नाही, धागाही नाही. फिरत्या मशीनला तेवढं पुरतं, एकदा पकडलं की हात परत देत नाही. म्हणून बाबांनी उभी नोकरी मोकळ्या हातानं काढली. वेळ विचारायची झाली की ते भोंग्याकडे कान लावत. रिटायर झाले त्या वर्षी दादानं शारजाहून घडी पाठवली. परदेशी. स्टीलची, निळ्या डायलची, हातात घेतली की वजन कळणारी. मागच्या झाकणावर कोरलेलं — शंभर मीटर पाण्यापर्यंत चालते.

आणि बाबा काय करत? रविवारी विहारात जाताना घालत. हात धुवायचे झाले की काढून शर्टाच्या खिशात. जेवायला बसले की काढून टीव्हीवर. पावसाचा थेंब पडला की रुमालात. मला हसू यायचं, रागही यायचा. मी म्हणायचो, बाबा, ही समुद्रात जाणारी वस्तू आहे, आणि तुम्ही वरणभाताला घाबरता? वस्तू माणसासाठी असते की माणूस वस्तूसाठी? बाबा म्हणायचे, "पाण्यात चालते, म्हणून पाण्यात न्यायचीच का? तुले काय समजते त्यातलं." मला वाटायचं, मलाच समजतं. आजही वाटतं की ते वाक्य चुकीचं नव्हतं. वस्तू वापरासाठीच असते. पण मी ते वस्तूसाठी म्हणत होतो का? — नाही. मला ती घडी हवी होती.

हे लिहायला जड जातंय, म्हणून सरळ लिहितो. ज्या वर्षी मी 'चमकदार मनगटं आणि जळालेले हात' अशा मथळ्याचं पत्रक काढलं, हातमोजे न देणाऱ्या मालकांच्या महागड्या घड्यांवर दोन परिच्छेद लिहिले, त्याच वर्षी मी घरात कोणी नसताना कपाट उघडून ती घडी घालून आरशासमोर उभा राहत होतो. बाही खाली. बाही वर.

आता श्रावण काका. बाबा आणि ते एका गावचे, भंडाऱ्याकडचे, एकाच वर्षी भिलाईला आलेले. बाबांचं नाव प्लांटच्या लिस्टीत लागलं, त्यांचं नाही लागलं. त्यांनी पावर हाउसच्या बाजारात, स्टेशनकडच्या गल्लीत घड्या दुरुस्तीचं काचेचं एक काउंटर टाकलं आणि तिथेच डोळ्याला भिंग लावून म्हातारे झाले. दर रविवारी विहारातून ते आमच्या हुडको कॉलनीतल्या घरी येत. चहा, मुरमुऱ्याचा चिवडा, आणि बाबांशी एकाच जुन्या गोष्टीवरून भांडण. मला ते 'लीडर' म्हणत.

रिटायर झाल्यावर बाबांचं मनगट बारीक झालं, घडी कोपराकडे घसरू लागली. पट्ट्याच्या दोन कड्या काढून आण म्हणून बाबांनी मला पाठवलं. मी काउंटरसमोरच्या स्टुलावर बसलो. काकांनी दोन कट चहा मागवले. कड्यांच्या खिळी ठोकत म्हणाले, "काय लीडर, इन्कलाब येऊन राहिला का? का त्याले पावर हाउसले ऑटोच नाही भेटली अजून?" मी हसलो. त्यांनी दोन कड्या काढल्या, पुडीत बांधून माझ्या हातात दिल्या. मागचं झाकण — त्याला त्यांनी हात लावला नाही. अवजारसुद्धा काढलं नाही त्याचं. देताना बाजूची चावी बोटानं दाखवली. "हे पाह्य. टाइम लावल्यावर हिले नुसती दाबायची नाही, फिरवून कसायची. नाही कसली का पाणी अंदर जाते. बापाले सांगजो."

मी बाबांना सांगितलं नाही. बाबांना ते माहीतच होतं. ते ऐकायला पाहिजे होतं मी.

पुढच्याच आठवड्यात बाबा आणि आई लग्नाला नागपूरला गेले, चार दिवस. गाडीत चोरी होते म्हणून घडी घरी. पहिल्या दिवशी सकाळी मी ती घातली. अशा घडीला हाताच्या हालचालीनं चाल मिळते. कपाटात पडून ती बंद होती. मी चावी काढली, वेळ लावली, दाबली — आणि निघालो. घाई होती. चावी फिरवून कसली नाही.

चार दिवस काढलीच नाही. बाइक चालवली, भांडी घासली, पोस्टरं चिकटवली — कड्यांमध्ये खळ वाळून पांढरी झाली. आणि कसं वाटत होतं? छान वाटत होतं. दुसरं काय सांगू? पत्रक वाटताना हात जरा जास्त लांब करत होतो.

पहिल्याच दुपारी आमच्यातल्या एकानं विचारलं, "भाई, ये कहाँ से मारी?" मी म्हणालो, "डुप्लिकेट है. पावर हाउस, फुटपाथ." खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? थोडी थट्टा. पण जो पोरगा परवाच मालकांच्या मनगटांवर बोलला, त्याच्या हातात ही घडी? मला ते झेपलं नाही.

आणि एकदा डुप्लिकेट म्हटली की डुप्लिकेटसारखी वागवावी लागते. चौथ्या दिवशी गेटवरचं धरणं संपलं. मे महिना, डोक्यावर ऊन. सगळे शिवनाथ नदीवर गेलो. पोरं शर्ट काढून उतरली. तोच मित्र म्हणाला, "घडी उतार ले, पानी घुसेगा." आता सांगा — फुटपाथच्या घडीसाठी कोण थांबतं? रुमालात कोण गुंडाळतं? मी म्हणालो, "घुसने दे." मनात हसत होतो. शंभर मीटर! कंपन्यांच्या दाव्यांवर विश्वास ठेवू नका असं लोकांना शिकवणारा मी, झाकणावर कोरलेल्या एका ओळीच्या भरवशावर कमरेएवढ्या पाण्यात डुबक्या मारत होतो. चावीची आठवण झाली का? — झाली. दुसऱ्या डुबकीनंतर. हात वर करून पाहणार होतो. सगळे पाहून राहिले होते. नाही पाहिलं.

घरी येऊन पाहिलं तर काचेच्या आतून वाफ. मी घडी तांदळाच्या डब्यात पुरली, जसा मोबाइल पुरतात. सकाळी वाफ गेली होती. चावी कसली, पट्टा ब्रशनं घासला, घडी कपाटात ठेवली. वाचलो, असं वाटलं.

मधले दोन रविवार घामाला जपून बाबांनी ती घातलीच नाही, तिसऱ्या रविवारी काढली. निळ्या डायलवर तांबूस ठिपके आले होते. काटे हलत नव्हते.  बाबा ती तळहातावर धरून बसले, एखाद्या आजारी पाखरासारखी. मग म्हणाले, "श्रावणनं उघडली होती का रे? तू होता ना तिथं?"

माझं तोंड उघडलं. अजूनही वाटतं, त्या क्षणी काहीही निघू शकलं असतं त्यातून. निघालं ते हे — "मी मधात चहाला गेलो होतो."

एवढंच. श्रावण काकांवर मी आरोप केला नाही. फक्त स्वतःला त्या स्टुलावरून उठवलं. बाकी बाबांनी स्वतः जोडलं. घडीसाज अस्सल मशीन काढून नकली टाकतात, हे तर सगळ्यांना 'माहीत' असतं ना?

इथे थांबलो असतो तर हा एक भित्रेपणा झाला असता. मी थांबलो नाही. त्याच आठवड्यात आमच्या गटाचं ग्राहकांच्या फसवणुकीवर पत्रक निघायचं होतं. मसुदा माझ्याकडे होता. त्यात मी चार ओळी घातल्या. नाव नाही. 'स्टेशनकडच्या गल्लीत बसणारा एक घडीसाज, ज्यानं आपल्याच समाजाच्या रिटायर कामगाराचा विश्वासघात केला.' का घातल्या? मी याचं उत्तर खूप दिवस शोधलं. मला वाटतं, खोटं तोंडात असेपर्यंत हलत होतं. छापल्यावर ते बसलं. आणि लिहिताना राग आला होता मला — खरा राग! काकांचा! स्वतःच रचलेल्या गोष्टीवर मी दात खाऊन लिहीत होतो.

मागचा रविवार गावी काढून काका या रविवारी आले. हातात दुमडलेलं पत्रक. दारातून म्हणाले, "जय भीम."

बाबांनी उत्तर दिलं नाही. माझ्या जन्मापासून मी बाबांना 'जय भीम'ला उत्तर न देताना पाहिलं नव्हतं.

काकांनी घडी मागितली. बाबांनी टीव्हीकडे बोट दाखवलं. काकांनी खिशातून भिंग काढलं, उजेडात धरली, चावी फिरवून पाहिली. चेहरा बदलला. म्हणाले, "पाणी चावीतून गेलं आहे. रेती आहे इथं बारीक. झाकण कोणी नाही उघडलं, एक ओरखडा नाही. मले दे आत्ता. आत्ताच्या आत्ता खोलून वाळवतो. मशीन सडून राहिली अंदर, आज उद्यात वाचली तर वाचली."

मी उभा राहिलो. ठेकेदाराच्या मुनशीशी बोलतो त्या आवाजात बोललो. "काका, पुरावा मिटवायचा आहे का?"

ते माझ्याकडे वळले. "तू त समोर बसला होता ना बे?"

"मी चहाला गेलो होतो."

"चहा त मी मागवला होता काउंटरवर. दोन कट. तू पेला ना?"

"बिल आहे का?" मी म्हणालो.

बिल! दोन कट चहाचं!  रेती काकांनी पाहिली होती. ती घडी कोणाच्या हातात असताना नदीत गेली असेल, हे त्यांना तेव्हाच कळलं असणार. एकच वाक्य पुरलं असतं. त्यांनी बाबांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि नाही बोलले. फक्त म्हणाले, "पोरगं चांगलं बोलते तुझं." घडी होती तिथे ठेवली.

बाबा म्हणाले, "जाय रे श्रावण आता."

ते गेले. पाण्यानं आतली मशीन खाल्ली. बाबांनी ती मग कोणालाच दाखवली नाही — सगळे एकाच माळेचे मणी म्हणून. गल्लीत लोक श्रावण काकांकडे घडी देताना समोर बसून राहू लागले, झाकण उघडलं की विचारू लागले, काय काढलं? वर्षभरात त्यांनी काउंटर आवरलं. आता कॅम्प वस्तीत घराच्या ओसरीत घड्यांचे सेल बदलतात. विहारही तिकडचाच धरला. आमच्याकडे रविवारी चहा होतो. बाबा एकटेच पितात, आणि भांडायला कोणी नाही म्हणून लवकर संपतो.

मागच्या महिन्यात पावर हाउसला ऑटोची वाट पाहत होतो, तर शेजारी काका. पळून जायला जागा नव्हती. त्यांनीच विचारलं, "बाप कसा आहे तुझा?" म्हणालो, बरे आहेत. "बीपीची गोळी घेते ना टाइमावर? विसरते तो." म्हणालो, घेतात. ऑटो आला, ते चढले, सरकून बसले. शेजारी एक जागा रिकामी होती. मला त्याच रस्त्यानं जायचं होतं. मी चढलो नाही.

त्या दिवसापासून लिहायला बसतोय. लोक मला म्हणतात, तू कोणाला घाबरत नाहीस. मी ज्यांच्यावर ओरडतो ते अनोळखी असतात, एवढंच त्यातलं खरं.

तुम्हीही अनोळखीच. बाबा पलीकडच्या खोलीत पेपर वाचत बसलेत, पान उलटल्याचा आवाज इथे येतो. दहा पावलं असतील. आणि मी हे आधी तुम्हाला सांगितलं.