हसऱ्या चेहऱ्यावरचं बोट

अंजनाबाईची उभी हयात लोकांच्या बांधीत वाकून धानाची रोवणी करण्यात गेली. २००८ साली वेदनातज्ज्ञांच्या संघटनेनं तालुक्याच्या गावी, गोरेगावात शिबिर घेतलं, तेव्हा सुनेनं तिला ओढतच नेलं. डॉक्टरीणबाईंनी रडक्यापासून हसऱ्यापर्यंत चेहरे काढलेला तक्ता पुढं धरला.

"किती दुखतं? बोट ठेवा."

अंजनाबाईनं सगळ्यात हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. दुखत नाही असं समजून डॉक्टरीणबाईंनी पुढच्या बाईला हाक मारली. अंजनाबाईला मात्र स्टुलावरून उठताच येईना.

"अहो, मग हसरा चेहरा का दाखवला?"

"दुखते तं पाठ!" अंजनाबाई खेकसली. "थोबाड असंच ठेवा लागते. कन्हणाऱ्या बाईले रोवणीले कोन बोलावते?"