भोटिया पहारेकरी आणि डब्यातली शेवटची पोळी

खसच्या, म्हणजे वाळ्याच्या ओल्या ताटीमागे, पंख्याखाली, चारी पाय पसरून दुपारभर झोपणाऱ्या जनावराला तुम्ही कामाचा कुत्रा म्हणाल का? मालकांनी म्हटलं. मालक माझे नव्हेत, माझ्या वडिलांचे. जबलपुरात, महाराजपूरच्या पुढे त्यांचा पेट्यांचा कारखाना होता. मोठ्या सरकारी कारखान्यांत दारूगोळा तयार होई आणि तो भरायच्या लाकडी पेट्या इथे ठोकल्या जात. चीनची लढाई झाल्यापासून पेट्यांना एवढी मागणी आली होती की मालकांना देशभक्तीशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. करवतीसमोर उभ्या माणसांना मात्र पंखा नव्हता. पंख्याने भुसा उडतो, असं मालकांचं म्हणणं. फाटकाजवळच्या कुत्र्याच्या खोलीत भुसा नव्हता, म्हणून तिथे पंखा.

कामगार डब्यात लपवून खिळे नेतात, अशी मालकांना शंका होती. उपाय त्यांच्या मेहुण्यांनी सुचवला: एखादा दुर्मिळ, अस्सल जातीचा कुत्रा. मेहुण्यांना जातींची फार माहिती, माणसांच्या आणि कुत्र्यांच्याही.

आधी रामपूरचा शिकारी कुत्रा सुचवण्यात आला. मोकळ्या रानात सशामागे धावावं तर त्यानेच. पण खिळे पळवणारा ससा आमच्या भागात अजून कुणी पाहिला नव्हता. मग आला दक्षिणेकडच्या कारवानी कुत्र्याचा फोटो. भटक्या तांड्यांबरोबर मैलोन्मैल चालणारा, उन्हाला न भिणारा, अर्ध्या भाकरीवर दिवस काढणारा. मला विचाराल तर आपल्या हवेत कामाला याच्यासारखा कुत्रा नाही. मालकांनी त्याच्या बरगड्या बघितल्या आणि मान हलवली. कारखान्याचा कुत्रा उपाशी दिसता कामा नये, म्हणाले. उपाशी दिसायला त्यांच्याकडे माणसं पुरेशी होती.

शेवटी भोटिया ठरला. तिबेटच्या सीमेकडून आणलेला, मानेवर आयाळ, पंजे अस्वलासारखे. तिकडे हे कुत्रे बर्फात मेंढ्या राखतात. दिवसा साखळीला असतात, रात्री मोकळे सुटतात, आणि ज्यांच्यात राहतात त्यांच्या अंगावर कुणी आलं तर त्याला फाडतात. हे सगळं मेहुण्यांना माहीत होतं. म्हणून त्यांनी त्याला जबलपुरात आणून, मे महिन्यात, दिवसा, फाटकावर बसवलं. एवढ्या अस्सल रक्ताचा कुत्रा डब्यातलं लोखंड नुसत्या वासावर ओळखील, असं त्यांनी मालकांना सांगितलं होतं आणि मालकांनी ते पाहुण्यांना सांगितलं.

फाटकावर पहारेकरी होते आमच्या शेजारचे काका. रांझीच्या कामगार वस्तीत आमची खोली आणि त्यांची खोली यांच्यामध्ये एक भिंत. फौजेतून परत आलेले, एका पायाने लंगडत. कित्येक वर्षं हंगामी म्हणून राबत होते. घरात कमावणारे ते एकटेच. मालकांनी त्यांच्या हातात साखळी दिली आणि म्हणाले, "देखो, कुत्ता काम का निकला तो नौकरी पक्की. नहीं तो दोनों की छुट्टी."

म्हणजे आता काकांची नोकरी कुत्र्याच्या नाकावर टांगलेली होती.

मी तेव्हा कॉलेजात होतो आणि संध्याकाळी फाटकाबाहेर पत्रकं वाटत असे. पंख्यांची मागणी करणारी पत्रकं. वाचणाऱ्यांपेक्षा त्यांत मूगफली बांधणारे जास्त. त्यामुळे कुत्र्याचं पहिलं स्वागत मी डोळ्यांनी पाहिलं.

"तिबेट म्हणजे आता चीनच झालं ना काका?" एक सुतार म्हणाला. "मग हा चिनी काहून बसवून राहिले फाटकावर?"

"चिनी नाही रे, निर्वासित आहे," काका म्हणाले. "घरदार सोडून आला बिचारा. जरा अदबीने बोल."

"अच्छा! म्हणजे याला क्वार्टर मिळणार, आम्हाला नाही."

"तुला आयाळ आहे का? नाही ना? चल, डबा उघड."

मालक शुद्ध शाकाहारी. त्यांनी कुत्र्याला बांधून दिला दलिया आणि दूध. एवढं मोठं जनावर, दलिया दोन घासांत संपवून भांडं फाटकभर लोळवत बसे.

आता आमच्या घरांतली एक रीत सांगतो. चुलीवरची पहिली पोळी गाईची, शेवटची कुत्र्याची. आपल्याकडची किती आणि हिंदी शेजारणींकडून घेतलेली किती, हे विचारू नका. आम्ही इतक्या पिढ्या इथे आहोत की आता वेगळं काढता येत नाही. एरवी ही शेवटची पोळी गल्लीतल्या कुत्र्याला जाई. पण दलियाची बातमी काकूंकडून माझ्या आईला कळली आणि आईकडून खोल्यांच्या सगळ्या रांगेला.

"परमुलखातलं जनावर," आई म्हणाली. "दाराशी उपाशी बसतंय आणि आपण गल्लीतल्या लठ्ठाला घालतोय. बरं दिसत नाही."

दुसऱ्या दिवसापासून शेवटची पोळी वडिलांच्या डब्यात. सगळ्यांच्याच डब्यात. सुटी झाली की माणसं झडतीच्या रांगेत उभी राहत, डबा उघडत, आणि त्यात कुत्र्याची पोळी असे. भोटिया अगदी नियमाने प्रत्येक डबा हुंगत होता आणि हुंगता हुंगता पोळी मटकावत होता. मालक वरच्या खिडकीतून हे हुंगणं बघून खूश. केवढी तत्परता! एकही खिळा सापडला नाही, याचा अर्थ त्यांनी असा लावला की चोर घाबरले.

या कुत्र्याबद्दल माझं मत तेव्हाच बनलं. कामात तो कुठेही कमी नव्हता. राखायला त्याला कळप हवा होता, आणि कळप म्हणजे ज्यांच्याबरोबर खातो ते. तो त्याने रोज संध्याकाळी वास घेऊन पक्का केला. मालकांच्या अंगाला पोळीचा वास कधी आलाच नाही.

मग पाकिस्तानशी लढाई सुरू झाली. पेट्या दुपटीने निघू लागल्या, सुटीच्या भोंग्यानंतरही माणसं थांबवली जाऊ लागली. एका संध्याकाळी पेट्या तपासून पास करणारे सरकारी साहेब आले. मालकांना त्यांना बंदोबस्त दाखवायचा होता. साहेब गाडीतून उतरले तेव्हा झडतीची रांग उभी होती. रांग हळू सरकतेय हे साहेबांना दिसू नये म्हणून मालकांनी छडी उगारली आणि माझ्या वडिलांच्या पुढे उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला ढोसलं. "ए, जल्दी चलो!"

पुढचं अगदी क्षणात घडलं. साखळी काकांच्या हातातून सुटली, छडी एका बाजूला गेली, मालक दुसऱ्या बाजूला, आणि मालकांच्या कोटाची बाही कुत्र्याच्या तोंडात. चावला नाही. बाही घेऊन तो रांगेपुढे उभा राहिला आणि गुरगुरला. तिबेटात याबद्दल त्याला शाबासकी मिळाली असती.

"पहरा तो बढ़िया है," साहेब म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.

मालकांनी देशावर आलेलं संकट लगेच ओळखलं. लढाईच्या दिवसांत कुत्रा फितवणं म्हणजे घातपात! कुणी फितवला? साखळी कुणाच्या हातात होती? काकांना त्याच संध्याकाळी काढलं. कुत्र्याला आपल्या पाटन गावच्या शेतावर पाठवलं. तिथे तो म्हणे बकऱ्यांबरोबर असतो आणि रात्री मोकळा सुटतो. मेहुणे आता जपानी जातीचा विचार करताहेत.

लढाई थांबली. काकांचं प्रकरण लेबर कोर्टात उभं आहे. काका सध्या सायकलींच्या दुकानात पंक्चर काढतात, आणि शेजारची त्यांची खोली आज ना उद्या सोडावी लागेल असं काकू आईला भिंतीपलीकडून सांगतात. मालकांनी कोर्टात लिहून दिलंय की पहारेकऱ्याने कुत्र्याला गुपचूप खाऊ घालून मालकांवर उलटवलं. गुपचूप! भर रांगेत, वरच्या खिडकीसमोर!

खरं काय ते अख्ख्या रांझीला ठाऊक आहे आणि अख्खी रांझी गप्प आहे. माझी साक्ष चालत नाही, मी फाटकाबाहेरचा, पत्रकंवाला. वडिलांनी साक्ष दिली. मालकांचा वकील हसला आणि म्हणाला, शेजारी आहेत, बोलणारच. एकाचं बोलणं शेजारधर्म ठरतं. दहाजणांचं ठरणार नाही.

म्हणून रांझीकरांनो, आता तुम्हाला सांगतो. तुमच्या घरची पोळी त्या फाटकावर गेली असेल, तर काकांच्या पुढच्या तारखेला कोर्टात या. भाषण नको, घोषणा नकोत, ते मी बघतो. उभं राहून एवढंच सांगा की पोळी आम्ही दिली. ज्याला नोकरीची भीती वाटते त्याने घरी थांबावं आणि पोळी लाटणारीला पाठवावं. तिला कामावरून काढणं अजून कुठल्याच मालकाला जमलेलं नाही.