फाइल मिटल्यावर विचारलेलं

हे मी आजवर कुणापाशी बोललेलं नाही. नवऱ्यापाशीही नाही. तुम्हाला का सांगतेय — ठाऊक नाही. ऐका फक्त.

चाकणच्या एका कारखान्यात मी भरतीचं काम बघते. साध्या जागांसाठी आम्ही फार खोदत नाही. पण पेट घेणाऱ्या रसायनांच्या गोदामाची किल्ली ज्याच्या हाती द्यायची, त्याची कुंडलीच काढावी लागते. दारू, भांडणं, पोलीस केस — फॉर्मवर कोण लिहितं हो? म्हणून माझी एक पद्धत होती. मुलाखत संपली की फाइल मिटायची, पेन पर्समध्ये टाकायचं, चहा मागवायचा. मग घरच्यासारखं विचारायचं. माणूस मोकळा होतो. या युक्तीचा मला — सांगायला लाज वाटते — अभिमान होता.

बालाजी लातूरकडचा, चाळिशीचा. आधीची कंपनी बंद पडल्यापासून आठ महिने घरी बसलेला, मुलगी बारावीला. कामात हुशार, कागदपत्रं चोख. चहा आल्यावर मी म्हटलं, दादा, तब्येत वगैरे ठीक ना? तो घुटमळला. मग म्हणाला, धाकटा मुलगा तापानं गेला तेव्हा झोपच उडाली होती, वर्षभर डॉक्टरांच्या गोळ्या घेतल्या. आता दोन वर्षं सगळं बंद आहे. डॉक्टरांची चिठ्ठी आणू का, असंही त्यानंच विचारलं.

"कशाला? हे आपलं आपल्यात," मी म्हटलं.

तो जिना उतरायच्या आत मी फाइल उघडली. मानसिक आजार लपवला, घेऊ नये, असं लिहिलं. लपवला? मलाच तर सांगितलं होतं त्यानं! कंपनीच्या डॉक्टरांकडे पाठवता आलं असतं. दोन दिवस गेले असते, एवढंच. पण साहेबांना काहीतरी हुडकून दाखवायचं होतं. ते म्हणाले, बरं पकडलंत. मी दिवसभर खुशीत होते. हो, खुशीत. बालाजीला कळवलं, जागा आधीच भरली.

महिन्याभरानं त्याचा फोन आला. भोसरीत तसल्याच कामाला बोलावलं होतं.

"मॅडम, तुमी घरच्यावानी बोललात म्हणून इचारतो. तिथं गोळ्यांचं सांगू का नको? तुमच्याकडं त्याच्यामुळं तर नाही ना गेलं?"

हो म्हटलं असतं तर माझं बिंग फुटलं असतं. मी म्हटलं, छे हो, त्याचा काय संबंध? बिनधास्त सांगा. तुमच्यामुळं धीर आला बघा, म्हणाला बिचारा.

आणि त्यानं सांगितलं. तिथली भरती बघणारी बाई माझ्या ओळखीची. दोन दिवसांनी तिचा फोन. माणूस आवडलाय, गोळ्यांचं स्वतःहून बोलला, म्हणजे सरळ आहे. घ्यायचं जवळजवळ ठरलंय. तुमच्याकडे येऊन गेला होता ना, तुम्ही का नाही घेतलं?

काय अवघड होतं? चूक माझी होती, एवढंच म्हणायचं होतं.

मी गप्प राहिले. आमच्या कामात अशा गप्प राहण्याचा अर्थ एकच होतो, आणि तो तिला कळतो हे मला माहीत होतं. ती म्हणाली, "बरं. समजलं."

मी फोन ठेवून दिला.