मुलीच्या बापाचं चाक
फळीवरचं ते वाकडं मडकं पुसायला घेतलं की मला चामोर्शीकडचं एक अंगण दिसतं. जिल्हा तेव्हा चांदा होता आणि मी तिशी उलटलेला, गावोगावी नकार खाल्लेला कुंभार. वडिलांनी जंगलखात्याची नोकरी धरल्यामुळे मी चाकाला कधी हात लावला नव्हता. तरी मुलगी बघताना थाप ठोकलीच, "रांजण तं मी डोळे मिटून काढतो!" मुलीच्या बापाने काठीने चाक फिरवलं. "काढा मंग. पोरगी त्यावरच देतो." मी माती धरली, पण खरं तर मातीनेच मला धरलं! अर्धा गोळा उडून थेट वैनगंगेपार सावली गावच्या बाजारात पडला. उरलेल्याची उंची वाढेना, तोंड मात्र वाढतच गेलं, अगदी माझ्यासारखं. दाराआड मुलगी खिदळत होती. गाडगं झालं की परात, मलाच कळेना. म्हाताऱ्याने ते दोऱ्याने कापून ओसरीत ठेवलं. मी विचारलं, "जमलं का, भाऊ?" "वाळू द्या, जावईबापू, मंग सांगतो." नापास माणसाला जावई काऊन म्हणाला? लग्न लागलं, बायकोसोबत ते मडकंही घरी आलं, पुढे म्हातारा गेला, निकाल राहूनच गेला. परवा बायकोलाच विचारलं, मी पास की नापास? तिने मडक्यावर टिचकी मारली, कान लावला आणि म्हणाली, "अजून वाळूनच राह्यलं."