आरत्यांखाली गेलेले आवाज

रोह्याच्या दत्ताच्या सिंथेसायझरमधले आवाज त्याच्या भावाचे नाहीत, माझे आहेत. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि शेजारच्या घड्याळवाल्यालाही नाही, ज्याला मी एरवी सगळं सांगतो.

नव्वदच्या दशकात पेणला एसटी स्टँडच्या मागे माझं दुरुस्तीचं दुकान होतं. रेडिओ, टेप, ॲम्प्लिफायर यायचे. पावसाळ्यात मात्र बँजो पार्ट्यांची वाद्यं यायची. हळदीला आणि वरातीला वाजवणाऱ्या या पार्ट्या लग्नसराई संपली की मोकळ्या होतात आणि धूळ, घाम, हळद खाल्लेली वाद्यं आणून टाकतात. कीबोर्डच्या पट्ट्यांखालून मी मूठमूठ अक्षता काढल्या आहेत.

दत्ताचा मोठा भाऊ धाटावच्या एका कंपनीत शिफ्टला होता. त्याला सगळे दादाच म्हणत. मुंबईच्या एका स्टुडिओने अडगळीत टाकलेला जपानी सिंथेसायझर त्याने उचलून आणला आणि त्याच्यावर पार्टी उभी केली. पुढे दादा काविळीने गेला. वाद्य दत्ताकडे आलं.

साध्या कीबोर्डात आवाज तयार भरलेले असतात. सिंथेसायझरमध्ये आवाज आपण बनवायचा. तो किती सावकाश उठावा, किती तीक्ष्ण असावा, किती थरथरावा, प्रत्येकासाठी वरची वेगळी सरकपट्टी हलवायची. जमला की नंबर देऊन मेमरीत ठेवायचा. दत्ताला वाजवता उत्तम यायचं, बनवता येत नव्हतं. आतले सगळे आवाज दादाच्या हातचे होते.

"सुरेशभाऊ, तीन पट्ट्या मुक्या झाल्यात," दत्ता म्हणाला. "गौरी-गणपतीला पायजे. आणि आतल्या आवाजांना हात लावू नका. बाकी काय वाट्टेल ते करा."

"आवाजांना कशाला हात लावू?"

"नाय, सांगून ठेवला आपला."

मी वाद्य उघडलं. मुक्या पट्ट्यांचं कारण खारी हवा, ते नेहमीचंच. पण आत मेमरीची बॅटरी अगदी शेवटाला आली होती. चपट्या बटणाएवढी ती बॅटरी असते. ती संपली किंवा काढली की मेमरी कोरी होते. म्हणून आधी मेमरी कॅसेटवर उतरवून घ्यायची. वायर जोडायची, टेप रेकॉर्डिंगला लावायचा, वाद्य आपली सगळी माहिती एका कर्कश किंकाळीच्या रूपात टेपला देतं. बॅटरी बदलली की तीच किंकाळी परत ऐकवायची, वाद्याला सगळं आठवतं.

मी तसंच केलं. हाताशी एक कॅसेट होती, अर्ध्यावर गुंडाळलेली. तिथूनच भरली. वर काही लिहिलं नाही. किंकाळीला काय नाव देणार? बॅटरी बदलली, वाद्य कोरं झालं, आणि आवाज शेवटी परत भरू म्हणून मी निवांत पट्ट्या साफ करायला लागलो.

त्याच आठवड्यात पेणजवळच्या जोहे गावचे वामनशेठ आले. त्यांचा मूर्तींचा कारखाना. गणपती तोंडावर आलेले, रंगकाम चालू, आणि तिथे दिवसभर टेप लागतो. कोरी कॅसेट पुढे टाकून म्हणाले, "आरत्या भरून दे रे. जुनी आता गोगलगायीसारखी चालते."

मी भरून दिल्या. चार दिवसांनी ते परत आले, हाताला गुलाबी रंग तसाच.

"काय भरलंस रे? आरत्या चांगल्या चालल्यात, आणि मधीच डुक्कर कापल्यागत ओरडाय लागतं. डोळे रंगवणाऱ्याचा हात हलला माझ्या."

मी टेबलाकडे पाहिलं. वामनशेठनी दिलेली कोरी कॅसेट तिथेच होती, कागदसुद्धा न काढलेली.

कॅसेट लावून ऐकली. आरत्या दादाच्या आवाजांवर चढल्या होत्या आणि किंकाळीच्या मधोमध येऊन संपल्या होत्या. मागचा अर्धा भाग शाबूत होता. त्याचा उपयोग शून्य. सुरुवात मिळाली नाही तर वाद्य पुढचं काही स्वीकारत नाही.

वामनशेठना मी तिथल्या तिथे दुसरी कॅसेट भरून दिली. ते चहा पिऊन खुशीत गेले.

त्या वेळी दत्ताला निरोप पाठवायला हवा होता. समोरच्या बूथवरून फोन करता येत होता. मी केला, पण बोललो दुसरंच.

"दत्ता, पार्टीच्या कार्यक्रमाची एखादी कॅसेट आहे? आवाज ताडून बघायला."

"हाय की. वाशीच्या हळदीची हाय. दादाच वाजवतोय तिच्यात. कंडक्टरकडं देतो."

ती कॅसेट आली. ढोल, बायकांचा हशा, कुणीतरी मधूनच "गो यमे, नाच की" म्हणून ओरडतंय, आणि या सगळ्याच्या मागे सिंथेसायझरवरची दादाची सनई. मी ती हेडफोनवर ऐकायला लागलो. थोडं ऐकायचं, सरकपट्टी हलवायची, वाजवून बघायचं, पुन्हा ऐकायचं. दुसरं गिऱ्हाईक आलं की मी कपाळाला आठी घालायचो.

आठवडा तसा गेला. खरं सांगायचं तर माझ्या धंद्यातला तो सगळ्यात सुखाचा आठवडा. दादाला मी कधी भेटलो नव्हतो, पण हळूहळू माणूस कळायला लागला. त्याची सनई सुरावर थेट येत नसे, किंचित खालून चढून येई. तंबाखू बाजूला सारून बोलणाऱ्या माणसाचा पहिला शब्द येतो, तशी. बासरीला त्याने मुद्दाम थोडा फुसका वारा ठेवला होता. मला एकेक सापडत गेलं. शेवटी कॅसेटवरची सनई आणि माझी सनई पाठोपाठ लावल्या तर मलाच फरक कळेना.

दत्ता न्यायला आला. स्टूलवर बसला, सनई लावली, आणि हळदीची चाल वाजवली. घड्याळवाला डोळ्यातली काच काढून दारात येऊन उभा राहिला. दत्ता वाजवता वाजवता हसत होता.

"झकास. पट्ट्या लोण्यासारख्या केल्यात."

मग त्याने शेवटचा नंबर दाबला. एक साधा, सपाट सूर आला. त्याने पुन्हा दाबला.

"भोंगा कुठंय?"

"कसला भोंगा?"

"कंपनीचा. शिफ्ट सुटल्याचा. हळद संपली की दादा तो वाजवायचा. मग समद्यांना कळायचं, आता घरी जायाचं."

वाशीच्या कॅसेटवर तो नव्हता. कार्यक्रम संपण्याआधीच टेप संपला होता.

"बॅटरी फार जुनी होती," मी म्हणालो. "त्यात एखादा आवाज जातो."

असं होत नसतं. गेलं तर सगळं जातं. पण दत्ताला ते माहीत नव्हतं.

"भोंगा काय, दहा मिनिटांत बनवून देतो," मी म्हणालो.

"नको." त्याने वाद्यावर फडकं टाकलं. "दादा गेटवर उभा राहून ऐकून यायचा आणि जुळवायचा. दुसऱ्या कुनी केलेला काय करायचा? गेला तर गेला. पोरं अजून घटकाभर नाचतील."

बाकीचे सगळे आवाज दुसऱ्या कुणीतरी केलेले होते. मी वाद्य उचलून टेम्पोत ठेवायला मदत केली.

दोन वर्षांनी मुंबईचे एक साहेब दुकानात आले. जुने सिंथेसायझर जमवणारे. तोवर स्टुडिओंनी फेकलेल्या वाद्यांना किंमत यायला लागली होती. त्यांच्या घरी मॉड्युलरही होता, म्हणजे आवाजाचा प्रत्येक भाग सुटा, आणि ते भाग टेलिफोन एक्सचेंजसारखे वायरींनी जोडायचे. दत्ताच्या वाद्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. मला गाडीत घालून ते रोह्याला गेले.

त्यांनी वाद्य वाजवून पाहिलं, मग झाकण उघडून पाहिलं. "बॅटरी बदललेली दिसते. तुम्ही?"

"हो."

"मेमरीचं काय केलंत?"

"कॅसेटवर घेतली होती."

हे खरंच होतं. त्यांनी मान हलवली आणि दत्ताकडे वळले.

"याच्या बदल्यात मी तुम्हाला नवाकोरा डिजिटल कीबोर्ड देतो. शेकडो टोन, ढोल-ताशासुद्धा आतच. तुमचं ओझं कमी होईल."

दत्ताचा चेहरा क्षणभर उजळला. ते जड धूड टेम्पोत चढवून चढवून त्याची कंबर धरायची, मला माहीत होतं. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी बोललो असतो तर सौदा तिथेच झाला असता.

"नाय साहेब," तो म्हणाला. "नवीन घेईन कधीतरी. पन ह्याच्यात माझा दादा हाय."

परतताना साहेब नाराज नव्हते. नागोठण्याच्या पुलावर म्हणाले, "माझ्या मॉड्युलरला मेमरीच नाही. वायरी काढल्या की आवाज गेला, रडायचंही नाही. या माणसाकडे निदान आवाज राहिलेत. ती सनई बनवणाऱ्याला कान होता हो."

मला आनंद झाला. भलताच. इतकी वर्षं सांगायचं टाळलं ते खरं तर हेच. आवाज पुसले त्याची लाज वाटली, आणि कौतुक झालं तेव्हा ते दादाच्या नावावर चाललंय याचं वाईट वाटलं.

वाद्य अजून दत्ताकडे आहे. नवा कीबोर्डही आला, पण हळदीची पहिली चाल तो जुन्यावरच वाजवतो. दर पावसाळ्यात ते माझ्याकडे येतं. मी पट्ट्या साफ करतो, सनई लावून बघतो, आणि बरं वाटतं.

या धंद्यात कुणी नव्याने पडत असेल तर एक सांगतो. कॅसेटच्या कडेला दोन बारीक प्लास्टिकच्या टिकल्या असतात. त्या मोडल्या की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही. नखाने मोडतात.

दत्ताला मी एक वाक्य देणं लागतो: तुझ्या दादाचे आवाज माझ्या हातून गेले आणि आत आहेत ते मी बनवलेले आहेत. ते ऐकल्यावर वाद्य ठेवायचं की द्यायचं, हे त्याने ठरवायचं होतं. ते वाक्य मी अजून दिलेलं नाही.