थो म्हणायचं, नाव नाई घ्यायचं

माझी नात नर्स आहे. चंद्रपूरच्या दवाखान्यात होती, मग नागपुरात जर्मन भाषा शिकायला लागली, कारण तिला जर्मनीतल्या दवाखान्यात काम मिळत होतं. तिचे आईबाप हो म्हणून मोकळे झाले. पण माझ्या तोंडून हो निघाल्याशिवाय ती जाणार नव्हती. हट्टीपणात ती माझ्यावर गेली आहे, घरातलं दुसरं कोणी नाही.

मी चौथी नापास. तरी घरात शेवटचा शब्द माझा, हे पार कुरखेड्यापर्यंत माहीत आहे. तो शब्द मी जवळजवळ दिलाच होता. तेवढ्यात पानठेल्यावर एका जुन्या सोबत्यानं मोबाईल माझ्यापुढे धरला.

"ऐक गा बुढ्या, तुह्या नातीच्या जर्मनीची गोठ!"

तिथल्या एका नर्सनं पेशंटला सुया देऊन मारलं होतं. सुई द्यायची, काळीज बंद पाडायचं, मग सगळ्यांसमोर धावत जाऊन छाती दाबायची आणि जिवंत केलं म्हणून शाबासकी घ्यायची. कितीतरी लोक जिवंत झालेच नाहीत.

"कशी असन थे बाई!" मी म्हणालो.

"बाई कुठी? माणूस हाय थो. ब्रदर म्हणतेत त्याले."

नर्स म्हणजे बाईच, असं मी तोवर धरून चाललो होतो.

घरी आलो तर नात अंगणात सुपात तांदूळ निवडत बसलेली.

"जर्मनी कॅन्सल," मी म्हणालो.

"काऊन?"

"तिथी दवाखान्यात माणसं मारतेत."

"थे जुनी गोठ हाय, आबाजी. कोर्टानं जन्मठेप देल्ली त्याले. जेलात हाय. आमच्या क्लासात सांगतलं." आणि तिनं त्या माणसाचं नाव घेतलं.

"नाव नोको घेऊ घरात!" मी ओरडलो. "थो म्हण!"

हे समजावून सांगायला पाहिजे. आमच्याकडे मोहाची फुलं वेचायला जंगलात गेलं की वाघाचं नाव घेत नाहीत. ‘थो’ म्हणतात, म्हणजे तो. नाव घेतलं की तो ऐकतो आणि येतो. लिहायला हरकत नाही, लिहिलेलं त्याला ऐकू येत नाही. लहानपणापासून मी हे पाळलं आणि अजून धडधाकट आहे. शिकलेले हसतात, तर हसू द्या.

नात हसली नाही. तिनं सूप खाली ठेवलं.

"आबाजी, तिथीबी सगळ्यायनं हेच केलं, गा."

"काय केलं?"

"नाव नाई घेतलं. त्याच्या ड्युटीत लोक जास्त मरून राह्यले, हे सोबतच्यायले दिसत होतं. आपसात कुजबुज करत. पण समोर येऊन, हाच तो, असं सांगाले कोणी तयार नाई. त्याले चांगलं सर्टिफिकेट देल्लं न जा म्हणलं. मंग दुसऱ्या दवाखान्यात लागला, तिथीबी मारले. शेवटी सोबतच्या एकीनं त्याले पेशंटले नको ती सुई देताना पाह्यलं, न थे बोलली. तवा सापडला. गाडलेले मुडदे उकरून तपासा लागले. घरचे समजत होते का आपला माणूस बिमारीनं गेला."

मी तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडात टाकला. तोंड भरलेलं असलं की लगेच उत्तर द्यावं लागत नाही.

"आपण नाव नाई घेत," मी म्हणालो, "पण थो गावाकडं आला त आपण चुप बसतो का? डबे वाजवतो, बोंबा मारतो."

"मंग मी दुसरं काय म्हणून राह्यली? तिथी डबा वाजवाले कोणी नव्हतं."

मी तिच्याकडे पाहिलं. एवढीशी असताना हिनं लग्नाच्या पंगतीत वाढणाऱ्या मोठ्या माणसाला सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "तुम्ही आत्ता नाक शिंकरलं, हात धुऊन या." सगळी पंगत हसली, तो माणूस लाल झाला. तिची आजी मारायला धावली, तेव्हा मी हिला पाठीशी घातली. आता त्याच तोंडाची मला काळजी वाटत होती, आणि भरवसाही त्याच तोंडाचा होता.

"जा," मी म्हणालो.

"काय?"

"जा म्हणलं ना! दोनदा काऊन वदवते? पण कोणाच्या हातावर शक आला त जोऱ्यानं सांगजो. साहेब असो का कोणी असो. नोकरी गेली त गेली, इथी धान हाय."

"न घाबरून जर्मन आठवली नाई त?"

"त आपल्या भाषेत बोंबल. बोंब सगळ्यायले समजते."

पाया पडायचं सोडून तिनं गळ्यातच हात टाकले. सून दारातून बघत होती. मी खर्रा थुंकायच्या निमित्तानं उठलो, आणि अंगणाच्या पार टोकापर्यंत जाऊन थुंकलो.