सू-हुआताई आणि लॉगिनची बारीक अक्षरं

आमच्या डोंगगांग बंदरातल्या ज्येष्ठांच्या केंद्रात दुपारचं जेवण मी रांधते. संगणक सू-हुआताईंकडे. तीस वर्षं टपाल कार्यालयाच्या खिडकीत बसलेल्या या बाई निवृत्तीनंतर पुस्तकं वाचून लिनक्स ही संगणकप्रणाली शिकल्या. गेल्या वर्षी कुणीतरी केंद्राला चार कोरे संगणक दिले. ताईंनी आठवड्याभरात चारही संगणकांवर लिनक्स घातलं आणि केंद्रात येणाऱ्या प्रत्येकाला वेगळं खातं उघडून दिलं.

पंचाईत झाली ती सुरुवातीलाच. स्क्रीन नव्या, फार बारीक ठिपक्यांच्या. लॉगिनच्या पानावर नावं आणि पासवर्डची चौकट तिळाएवढी दिसायची. ताईंनी प्रत्येकाच्या खात्यात अक्षरं मोठी केली होती, पण ती दिसणार आत गेल्यावर. मग ताईच एकेकाशी वाकून विचारायच्या, "बोला, काय ठेवलाय शब्द?" आणि स्वतः टाकून द्यायच्या.

खुन-शानकाका मात्र सांगेनात. उभा जन्म ट्यूना मासळीच्या बोटीवर गेलेला, डोळे मोतीबिंदूने अधू.

"काका, मी काय तुमची चोरी करणारेय?"

"चोरीचं नाही गं. माझा शब्द माझ्यापाशी राहू दे."

"मग बसा पेपर वाचत!"

ते खरंच पेपर घेऊन बसले. तीन आठवडे. मासळीचं सूप वाढताना माझ्या लक्षात आलं, पान काही उलटत नाही. नजर दुसऱ्यांच्या स्क्रीनकडे. मी ताईंना सांगितलं.

"टपालाच्या खिडकीसमोर पैसे काढताना कुणी आपला गुप्त आकडा दाबायला लागलं, की मी मान फिरवायचे," त्या म्हणाल्या. "कुणाला सांगावं लागलं नाही कधी. आणि इथे सगळ्यांकडून मोठ्यानं वदवून घेतलं मी."

त्या दिवसापासून त्या हात धुऊन त्या बारीक अक्षरांच्या मागे लागल्या. इंटरनेटवर अनोळखी लोकांना विचारलं. कळलं ते असं, की लॉगिनचं पान वेगळ्याच खात्याच्या नावावर चालतं. आपण आपल्या खात्यात केलेले बदल त्याच्या गावीही नसतात. ताईंनी स्क्रीनवर सगळं किती मोठं दिसावं ते ठरवणारी, स्वतःच्या खात्यातली फाइल त्या खात्याच्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवली. संगणक पुन्हा सुरू केला. अक्षरं तिळाएवढीच!

"गेलं वाटतं सगळं मुसळ केरात," मी म्हटलं.

"थांब जरा."

दोन दिवसांनी चूक सापडली. फाइल तिथे होती, पण मालकी ताईंच्याच नावावर राहिली होती, त्यामुळे लॉगिनच्या खात्याला ती वाचताच येत नव्हती. एका ओळीच्या आज्ञेने मालकी बदलली. या वेळी नावं दुकानाच्या पाटीसारखी ठळक उमटली. मग उरलेले तीन संगणक.

मंगळवारी खुन-शानकाका पहिल्यांदा संगणकासमोर बसले. बोटं जाडजूड, एकेक कळ शोधत होती. मध्येच थांबले.

"सू-हुआ, तिकडे बघ."

ताई आधीच खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. मीसुद्धा वळले. काका दोनदा चुकले, तिसऱ्यांदा आत गेले. काओशुंग शहरात राहणाऱ्या नातीचे फोटो पाहत जेवायलाही उठेनात.

जेवणं झाल्यावर ताईंनी टाळी वाजवली.

"आज सगळ्यांनी पासवर्ड बदलायचे. आणि मला सांगायचे नाहीत."

"अगं, मग मी विसरले तर?" बाव-चू आजी घाबरल्या.

"तर नवा ठेवू, आजी. तोही नका सांगू मला."